ठोसा येतो कुठून?

"बॉक्सिंग करायचंय ना? मग वजनं उचलायच्या फंदात पडू नकोस. हात जड होतील, ठोसा संथ होईल."

विसाव्या शतकाचा बराचसा काळ हे बॉक्सिंगच्या जगात ब्रह्मवाक्य होतं. ट्रेनरने शिष्याला सांगायचं, शिष्याने पुढे ट्रेनर होऊन आपल्या शिष्याला सांगायचं. पहाटे उठून मैलोनमैल पळा, दोरीवरच्या उड्या मारा, बॅग बडवा, पोटावर मेडिसिन बॉल झेला, पण बारबेलला हात लावू नका!

आज एखाद्या नामांकित बॉक्सरच्या सरावाचा व्हिडिओ बघा. स्क्वॉट आहे, डेडलिफ्ट आहे, बारबेल घेऊन उड्या आहेत, शेजारी वही घेतलेला स्ट्रेंग्थ कोच उभा आहे. म्हणजे मधे कधीतरी हे ब्रह्मवाक्य पार उलटं झालं. कधी झालं? कुणी केलं? आणि मला जास्त छळणारा प्रश्न म्हणजे, इतकी वर्षं रिंगजवळ आयुष्य घालवलेली ती अनुभवी माणसं काय निव्वळ मूर्ख होती?

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार नवा नाही. जुन्या कोडमध्ये एखादी ओळ असते आणि वर कॉमेंट असते, "ही ओळ काढू नका". का ते टीममधल्या कुणालाच ठाऊक नसतं. अशा वेळी ती डोळे मिटून ठेवू नये, आणि डोळे मिटून काढूही नये. ती कुणी आणि का लिहिली ते आधी शोधावं. आज या ओळीचं तेच करू.

सुरुवात एका लोहारापासून.

बॉब फिट्झसिमन्स १८६३ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये जन्मला, न्यूझीलंडमधल्या टिमारू गावात वाढला आणि लोहारकीत राबला. खांदे भक्कम, पाय काटकुळे. कपडे घालून उभा राहिला तर कुणी त्याला पहिलवान म्हटलं नसतं. १७ मार्च १८९७ रोजी अमेरिकेतल्या कार्सन सिटीमध्ये तो जेम्स कॉर्बेटशी हेवीवेट विजेतेपदासाठी लढला. कॉर्बेट म्हणजे 'जंटलमन जिम', पूर्वाश्रमीचा बँकेतला क्लार्क, बॉक्सिंगला शास्त्र बनवणारा माणूस. त्याचं वजन साधारण ८३ किलो. फिट्झसिमन्सचं साधारण ७६, म्हणजे आजच्या हिशोबाने तो हेवीवेट नव्हताच. बराच वेळ कॉर्बेट त्याला हवा तसा खेळवत होता. मग चौदाव्या फेरीत फिट्झसिमन्सचा डावा ठोसा कॉर्बेटच्या पोटाच्या वरच्या खळग्यात, बरगड्यांच्या खाली बसला. कॉर्बेट गुडघ्यावर आला, श्वास घेता येईना, आणि दहा आकडे होऊन गेले. ही लढत चित्रित झाली होती. तो चित्रपट दीड तासाच्या वर होता, त्या काळात ऐकावं ते नवलच!

तर, लोहाराने बँक क्लार्कला पाडलं. बघणाऱ्यांनी साहजिकच अर्थ काढला की ताकद कामातून येते. घण मारणं, लाकडं फोडणं, खाणीत खोदणं ही बॉक्सरची खरी व्यायामशाळा. हा अर्थ अगदी चुकीचा नव्हता. घण मारणारा माणूस नुसते हात हलवत नाही. तो पाय रोवतो, कमरेतून वळतो, घण खाली येताना अंग सैल सोडतो आणि लोखंडावर बसतो त्या क्षणी मूठ घट्ट करतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता व्यायामाच्या साधनांकडे येऊ, आणि इथे आपलाही थोडा संबंध आहे. आपल्या तालमीत फिरवतात तो मुद्गल ब्रिटिश सैन्याने हिंदुस्थानात पाहिला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला नेला. तिथे त्याचं हलकं, नाजूक रूप झालं आणि नाव पडलं 'इंडियन क्लब'. १८६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिम किहोने हे क्लब अमेरिकेत बनवून विकायला सुरुवात केली, १८६६ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. बघता बघता ते अमेरिकेतल्या व्यायामशाळांमध्ये पोचले आणि बॉक्सरांच्या हातीही आले. १८८९ साली हेवीवेट विजेता जॉन एल. सुलिव्हन दारू आणि आजारपण यांनी पार खचला होता. त्याला विल्यम मल्डून नावाच्या कुस्तीगीराने आपल्या शेतावर नेऊन अक्षरशः पुन्हा घडवलं. चालणं, पळणं, कुस्ती, दोरी, क्लब आणि फेकाफेकीसाठी जड चेंडू. त्यानंतर ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीच्या भर उन्हात सुलिव्हन जेक किलरेनशी उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या, सव्वादोन तास लढला आणि जिंकला.

म्हणजे त्या काळात बॉक्सर साधनं वापरतच नव्हते असं नाही. पण ती हलकी होती आणि त्यांचा उद्देश दम टिकवणं आणि अंग मोकळं ठेवणं हा होता. आपल्याकडचा मुद्गल परदेशात जाऊन हलका झाला तो असा.

मग जड वजनांची भीती आली कुठून?

इंग्रजीत त्यासाठी शब्द होता 'मसल-बाउंड'. स्नायूंनी जखडलेला माणूस. कल्पना अशी की जड वजनं उचलली की स्नायू फुगतात, आखूड होतात, सांधे अडकतात, आणि माणूस स्वतःची पाठसुद्धा खाजवू शकत नाही. डॉक्टर हे सांगत, शाळेतले व्यायामशिक्षक सांगत, बॉक्सिंग ट्रेनर तर सांगतच. वेटलिफ्टिंगचा इतिहास लिहिणारे टेरी टॉड (स्वतः पॉवरलिफ्टर) यांनी १९८५ साली या समजुतीवर एक लेख लिहिला. त्यांनी दाखवलेलं एक कारण कुठल्याही धंदेवाईक माणसाला पटकन कळेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टपालाने व्यायामाचे कोर्स विकण्याचा मोठा धंदा होता. बारबेल टपालाने पाठवणं महाग आणि कटकटीचं. छापील कागद पाठवणं स्वस्त. मग कागद विकणारा काय म्हणणार? वजनं वाईट, माझी पद्धत चांगली! चार्ल्स अ‍ॅटलस हा या धंद्याचा सगळ्यात गाजलेला चेहरा. त्याची 'डायनॅमिक टेन्शन' पद्धत म्हणजे एका स्नायूने दुसऱ्याला विरोध करायचा, साधन काहीच नको. समुद्रकिनाऱ्यावर तोंडावर वाळू उडवली जाणारा ९७ पौंडाचा किरकोळ मुलगा त्याच्याच जाहिरातीतला.

पण सगळं खापर जाहिरातींवर फोडणंही बरोबर नाही. बॉक्सिंगवाल्यांकडे डोळ्यांसमोरचा पुरावा होता. ४ जुलै १९१९, टोलेडो, ओहायो. विजेता जेस विलर्ड: साडेसहा फूट उंच, वजन १११ किलो. आव्हानवीर जॅक डेम्प्सी: ८५ किलो. खाणीत काम केलेला, मालगाड्यांखाली लटकून गावोगाव फिरलेला पोरगा. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली गेला! तिसऱ्या फेरीनंतर तो खुर्चीवरून उठलाच नाही. २६ किलोंचा फरक असताना लहान माणूस मोठ्याला असा झोपवत असेल, तर ठोशाचा जोर स्नायूंच्या आकारात नसतो हे उघडच झालं.

डेम्प्सीने १९५० साली ठोसा मारण्याच्या तंत्रावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, ठोसा म्हणजे तुमच्या शरीराचं वजन गतीत आणणं. मागच्या पायाने ढकला, पुढच्या पायावर चक्क पडा, आणि पडणारं ते सगळं वजन मुठीतून समोरच्याच्या अंगात जाऊ द्या. हात म्हणजे त्या वजनाचा फक्त शेवटचा निरोप्या. न्यूटनचं एकही समीकरण न लिहिता डेम्प्सीने बरोबर तेच सांगितलं.

आता ही मसल-बाउंडची समजूत कशी फुटली ते बघू. गंमत म्हणजे ती बॉक्सिंगमध्ये फुटलीच नाही.

१९४० साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड कॉलेजात यॉर्क बारबेल कंपनीचा बॉब हॉफमन आपले पहिलवान घेऊन प्रात्यक्षिकाला आला. त्यात जॉन ग्रिमेक होता. त्या काळातला सगळ्यात देखणा, सगळ्यात भरीव शरीराचा माणूस. श्रोत्यांमध्ये प्रा. पीटर कार्पोविच बसले होते. शरीरक्रियाशास्त्रातलं मोठं नाव आणि वजनांचे विरोधक. त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं की ग्रिमेक आपली पाठ खाजवून दाखवतील का. ग्रिमेकने ती आरामात खाजवून दाखवली, वर दोन्ही पाय फाकवून जमिनीला टेकवले. लोक हसले. पण कार्पोविच नुसते हसून घरी गेले नाहीत. ते प्रयोगशाळेत गेले. १९५१ मध्ये त्यांनी आणि विल्यम झोर्बास यांनी ६०० जणांचा अभ्यास छापला: ३०० वजनं उचलणारे, ३०० न उचलणारे. प्रत्येकाने एक दांडा हाताने गोल फिरवायचा, वेळ मोजायची. वजनं उचलणारे जास्त वेगवान निघाले! विरोधकाने स्वतः मोजून आपलंच मत खोटं पाडलं. अशी माणसं मला फार आवडतात.

पुढच्या दोनतीन दशकांत फुटबॉल, अ‍ॅथलेटिक्स, पोहणं, सगळीकडे बारबेल शिरली. बॉक्सिंगच्या दाराशी मात्र ती बाहेरच उभी राहिली. बॉक्सिंग हा गुरुशिष्यांचा धंदा. तिथे जर्नल वाचून कुणी पद्धत बदलत नसतो. शिवाय वजनगट आहेत. उगाच दोन किलो स्नायू चढले तर वरच्या गटातल्या मोठ्या माणसाशी लढावं लागतं. जोखीम ट्रेनरची, लढवय्याची तर त्याहून जास्त.

आणि मग आलं १९८५. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण आज मागे वळून बघताना त्या एकत्र ठेवल्याशिवाय राहवत नाही.

पहिली गोष्ट सोव्हिएत रशियातली. फिलिमोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० बॉक्सरांच्या ठोशांचं विश्लेषण केलं होतं. ते १९८५ मध्ये अमेरिकेतल्या स्ट्रेंग्थ कोचांच्या नियतकालिकात इंग्रजीत छापून आलं (टॉड यांचा लेखही त्याच वर्षी त्याच नियतकालिकात आला होता). प्रश्न साधा होता. ठोशाच्या जोरात पायांचा वाटा किती, धडाच्या वळण्याचा किती आणि हाताचा किती? वरच्या दर्जाच्या बॉक्सरांमध्ये उत्तर आलं: पाय ३८ टक्के, धड ३७ टक्के, हात फक्त २४ टक्के. खालच्या दर्जाच्या बॉक्सरांमध्ये: पाय जेमतेम १६-१७ टक्के, धड ४५, हात ३८. दशांशापर्यंत यावर श्रद्धा ठेवायची गरज नाही, कारण असं वाटे पाडणं मुळातच अवघड काम आहे. पण दिशा बघा. माणूस बॉक्सिंगमध्ये जसा मुरतो तसा त्याचा ठोसा हातातून खाली सरकत पायांत जातो. डेम्प्सीचं पुस्तक आणि सोव्हिएत तक्ता, दोघांची साक्ष एकच.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधली. डिसेंबर १९८५ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक शोधनिबंध आला. संशोधकांनी हेवीवेट फ्रँक ब्रुनोला (हाच पुढे १९९५ मध्ये जगज्जेता झाला) एका लोंबत्या, गादी लावलेल्या ७ किलोच्या वजनावर ठोसा मारायला सांगितला. वजन साधारण डोक्याइतकं. आकडे असे: मूठ अर्धा मीटर अंतर एक दशांश सेकंदात कापून आली, आदळताना वेग सेकंदाला ८.९ मीटर, कमाल बल ४०९६ न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलो वजनाइतकं. ते शिखर स्पर्शानंतर १४ मिलिसेकंदांत गाठलं गेलं. लक्ष्याला बसलेला हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ५३ पट. तुलना म्हणून त्यांनी लिहिलं की ६ किलोचा गादी लावलेला लाकडी हातोडा ताशी ३२ किलोमीटर वेगाने मारावा तसा हा ठोसा. फिरून फिरून लोहाराच्या हातोड्यापाशीच आलो की नाही!

तिसरी गोष्ट लास व्हेगासमधली. २१ सप्टेंबर १९८५. लॅरी होम्स ४८ लढती जिंकलेला, एकही न हरलेला हेवीवेट विजेता. अजून एक जिंकला की रॉकी मार्सियानोच्या ४९ विजयांची बरोबरी. समोर मायकेल स्पिंक्स, लाइट हेवीवेटचा विजेता. त्या गटाची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. त्या आधी कुठल्याही गादीवर असलेल्या लाइट हेवीवेट विजेत्याला हेवीवेटचा मुकुट जिंकता आला नव्हता. वर जाताना ते एकतर हलकेच राहत, नाहीतर खाऊन खाऊन मंद होत. स्पिंक्सने न्यू ऑर्लिन्सचा मॅकी शिल्स्टोन नावाचा कंडिशनिंग तज्ज्ञ गाठला. लांब पल्ल्याचं पळणं कमी, त्याऐवजी छोट्या वेगवान धावा. वजनं उचलणं. मोजूनमापून खाणं. बॉक्सिंगचा कोपरा सांभाळत होते ७४ वर्षांचे एडी फच, जुन्या परंपरेचे भीष्माचार्य. स्पिंक्स रिंगमध्ये आला तेव्हा वजन २०० पौंड, जवळपास ९१ किलो, आणि अंगावर चरबी नाही. पंधरा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही पंचांनी अगदी थोड्या फरकाने का होईना, स्पिंक्सला विजयी केलं.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. स्पिंक्सने होम्सला पाडलं नाही. वजनांनी त्याच्या ठोशात बॉम्ब भरला, असं काहीही झालं नव्हतं. त्या वजनांनी दिलं ते एवढंच की त्याच्याहून १० किलो जड माणूस त्याला ढकलू शकला नाही आणि अकरा किलो वाढूनही तो संथ झाला नाही. "हात जड होतील" ही भीती त्या रात्री भर रिंगमध्ये खोटी ठरली, आणि ती दाखवायला जर्नल लागलं नाही.

त्यानंतर दार उघडलं. इव्हान्डर होलीफिल्ड १९८८ मध्ये क्रूझरवेटमधून हेवीवेटला आला तेव्हा त्याच्याबरोबर अख्खी टीमच होती. कंडिशनिंगसाठी टिम हॉलमार्क, वजनांसाठी ली हेनी (आठ वेळचा मिस्टर ऑलिम्पिया!), लवचिकतेसाठी बॅले शिकवणारी बाई, आणि बॉक्सिंगसाठी जॉर्ज बेंटन व लू डुवा. २५ ऑक्टोबर १९९० रोजी ९४ किलोंच्या होलीफिल्डने ११२ किलोंच्या बस्टर डग्लसला तिसऱ्या फेरीत झोपवलं. पुढे २००७ मध्ये होलीफिल्डचं नाव उत्तेजक औषधांच्या एका चौकशीच्या बातम्यांत आलं, आणि त्याने ते आरोप नाकारले. ते काहीही असो, १९९० नंतर बॉक्सरने वजनं उचलणं ही बातमी राहिली नाही.

मग जुने ट्रेनर चुकले, गोष्ट संपली? नाही. आता त्यांची बाजू.

ब्रुनोच्या आकड्यांकडे परत बघा. मूठ निघाल्यापासून आदळेपर्यंत एक दशांश सेकंद. जड स्क्वॉटची एक आवृत्ती दोनतीन सेकंद चालते. स्नायूला आपलं पूर्ण बल उभं करायला साधारण तीन दशांश सेकंद किंवा जास्तच लागतात. म्हणजे तुमच्याकडे खजिना कितीही असो, ठोशाच्या वेळी तिजोरी उघडी राहते ती एक दशांश सेकंद. तेवढ्यात जे हाती लागेल तेच तुमचं. नुसती कमाल ताकद वाढवत बसलात आणि ती झटकन बाहेर काढायची सवय केली नाहीत, तर ती तिजोरीतच राहते. आपल्या भाषेत बोलायचं तर सर्व्हर दणकट आहे, पण रिक्वेस्ट टाइमआउट होतेय :)

दुसरा मुद्दा याहून सुंदर आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अव्वल मिश्र मार्शल आर्ट्स लढवय्यांच्या स्नायूंचे विद्युत संकेत मोजले. त्यांना स्नायू एकदा नाही, दोनदा पेटताना दिसले. फटका सुरू करताना एकदा. मग मधे स्नायू सैल पडतात, कारण आवळलेला स्नायू हालचालीला ब्रेक लावतो आणि वेग हवा असेल तर मोकळीक हवी. आणि आदळण्याच्या क्षणी पुन्हा एकदा आवळतात, जेणेकरून हात, खांदा, धड एकसंध होऊन सगळं वस्तुमान त्या टक्करीत उतरावं. आवळ, सोड, आवळ. लोहाराची घण मारायची रीत!

म्हणजे "अंग सैल ठेव रे" असं शंभरदा ओरडणाऱ्या ट्रेनरला खरंच काहीतरी दिसत होतं. दिवसभर बायसेप फुगवून आलेला, खांदे आवळूनच ठोसा मारणारा पोरगा त्याने पाहिला होता. त्याचा ठोसा संथ आहे हे निरीक्षण बरोबर होतं. कारण मात्र चुकलं होतं. दोष वजनांचा नव्हता, मधली 'सोड' हरवल्याचा होता. जुन्या कोडमधली ती ओळ एका खऱ्या बगसाठी लिहिलेली होती, फक्त चुकीच्या फंक्शनमध्ये.

अलीकडचे आकडेही याच वाटेने जातात. २००० साली इंग्लंडमध्ये झालेल्या मोजणीत मागच्या हाताच्या ठोशाचं कमाल बल अव्वल बॉक्सरांमध्ये सरासरी ४८०० न्यूटन, नवशिक्यांमध्ये २३८१ न्यूटन आलं. (ब्रुनोच्या ४०९६ शी याची तुलना करू नका, लोंबतं वजन आणि पक्कं बसवलेलं यंत्र यांची मापं वेगळी येतात.) हा दुपटीचा फरक केवळ स्नायूंचा असणं कठीण. यात पाय, वळण, वेळ साधणं सगळं आलं. २०१६ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय पातळीवरच्या १५ बॉक्सरांचा (९ पुरुष, ६ स्त्रिया) अभ्यास छापून आला. ज्यांची उंच उडी मारायची आणि वजन झटक्यात ढकलायची क्षमता जास्त, त्यांचा ठोसाही जोरदार निघाला. संबंध आहे म्हणजे कारण आहे असं नव्हे, हे इथल्या वाचकांना सांगायला नकोच. पण बारबेल आणि ठोसा यांचं वैर नाही, एवढं नक्की. म्हणून शनिवार-रविवार बॉक्सिंग क्लासला जाणाऱ्यांनी बेंच प्रेसवरचे आकडे जरूर मिरवावेत, पण पायांचा दिवस चुकवू नये. मेडिसिन बॉल भिंतीवर आपटावा. आणि खांदे सैल ठेवावेत.

पण ताकदीची मर्यादाही सांगायला हवी. २७ जून १९८८ रोजी तोच स्पिंक्स, तोपर्यंत एकही लढत न हरलेला, माइक टायसनसमोर उभा राहिला. ९१ सेकंद. संपलं. शास्त्रशुद्ध कमावलेल्या शरीरालाही जबड्यावर बसलेल्या ठोशाचं उत्तर नव्हतं. मान मजबूत करता येते, पाय मजबूत करता येतात, कवटीच्या आत तरंगणारा मेंदू मात्र कुठल्याही व्यायामाने मजबूत होत नाही.

आणि इथेच मला ब्रुनोवरचा तो शोधनिबंध पुन्हा काढावासा वाटतो. तो खेळाच्या मासिकात का नाही आला? वैद्यकीय जर्नलमध्ये का आला? कारण तेव्हा वातावरणच तसं होतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदा फेऱ्या लढलेला कोरियाचा किम दुक-कू मेंदूतल्या रक्तस्रावाने काही दिवसांत वारला. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग कौन्सिलने विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या प्रमुख जर्नलने संपादकीयात बॉक्सिंगवर बंदी मागितली. त्या वादात ब्रुनोचा ठोसा मोजला गेला. संशोधकांना हवं होतं ते दुखापतीचं माप. शीर्षकातच त्यांनी ठोशाला 'इजा करणारा' म्हटलंय.

म्हणजे एकाच वर्षी एका नियतकालिकाने ठोशाचा जोर वाढवायचा कसा हे सांगितलं आणि दुसऱ्याने तो जोर समोरच्या डोक्याचं काय करतो हे. आम्ही हौशी मंडळी पहिलं आवडीने वाचतो. स्क्वॉट किती, उडी किती, न्यूटन किती. दुसरं वाचायचं राहून जातं. पण आकडा एकच आहे. पाय, कंबर, खांदा यांतून कमावलेला प्रत्येक जास्तीचा न्यूटन कुठेतरी उतरणार असतो.

बॅगमध्ये उतरला तर उत्तम. बॅगला मेंदू नसतो, हवा तेवढा जोर काढा. स्पॅरिंगमध्ये मात्र समोर तुमच्यासारखाच कुणीतरी असतो, सोमवारी ज्याला डोकं चालवायला ऑफिसात जायचं असतं. जोरदार ठोसा कमवायला महिनोन्महिने लागतात, तो हलका मारायलाही तेवढाच सराव लागतो. ट्रेनर निवडताना तो स्क्वॉट शिकवतो का हे जरूर विचारा. स्पॅरिंगमध्ये "हळू" म्हणून ओरडतो का, हे त्याआधी बघा.

असो. पुढच्या वीकांताला भेटू, वेगळ्या विषयासह.